बारीक अक्षरं कोण वाचतं?

बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवर एक चौकोन असतो. ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, त्यातली साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम... प्रत्येकापुढे एकेक आकडा. अक्षर इतकं बारीक की पुडा उजेडाकडे धरावा लागतो. आता खरं सांगा, तुम्ही तो चौकोन शेवटचा कधी वाचलात? बहुतेक लोक किंमत बघतात, तारीख बघतात, शाकाहारी असतील तर हिरवा ठिपका बघतात, आणि पुडा पिशवीत.

म्हणजे हा चौकोन फारसं कोणी वाचत नाही. मग गंमत अशी की ह्याच चौकोनात काय लिहायचं ह्यावरून कंपन्या, सरकारं आणि डॉक्टर मंडळी शंभराहून जास्त वर्षं भांडत आली आहेत. पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत! ज्याला वाचक नाही त्या मजकुरासाठी एवढा पैसा आणि एवढे वकील कोण खर्च करेल?

गेले दोन-तीन शनिवार-रविवार ह्याच प्रश्नाच्या मागे होतो. मी आहारतज्ज्ञ नाही, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे आहाराचे सल्ले इथे मिळणार नाहीत. पण लेबलांचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती सांगायचा हा प्रयत्न.

सुरुवात लेबल नव्हतं तिथून करू. वाण्याकडे पोतं उघडं असायचं. तांदूळ हातात घेऊन बघायचा, तूप बोटावर घेऊन हुंगायचं, डाळीत खडे किती ते दिसायचंच. फसवणूक तेव्हाही होत होती, पण निदान माल डोळ्यांसमोर होता. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत पत्र्याचे डबे आले, कारखाने आले, रेल्वे आली. माल हजार मैलांवर बनायचा आणि बंद डब्यातून यायचा. आता हुंगणार काय? डब्यावर जे छापलंय त्यावर विश्वास ठेवायचा, दुसरा इलाज नाही.

आणि छापणाऱ्यावर काहीच बंधन नव्हतं. अमेरिकेच्या कृषी खात्यात तेव्हा हार्वी वायली नावाचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ होते. खाण्याचे पदार्थ टिकवायला कारखानदार बोरॅक्स, सॅलिसिलिक ॲसिड, फॉर्मल्डिहाइड असलं काहीही घालतात हे त्यांना माहीत होतं, पण त्याने माणसाला नक्की काय होतं ह्याचा पुरावा नव्हता. म्हणून १९०२ मध्ये त्यांनी बारा तरुण स्वयंसेवक गोळा केले, त्यांना जेवणाबरोबर ही रसायनं मोजून खायला घातली आणि परिणाम नोंदवले. आज कोणी असला प्रयोग करायचं म्हटलं तर तुरुंगात जाईल. वर्तमानपत्रांनी ह्या पोरांचं नाव ठेवलं 'विषाची तुकडी'. पुढे १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरची शिकागोच्या मांस कारखान्यांवरची 'द जंगल' ही कादंबरी आली, लोक खवळले, आणि ३० जून १९०६ ला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली.

ह्या कायद्यात एक बारकावा आहे. डब्यात काय काय घातलंय ते छापा, असं कायदा खाद्यपदार्थांच्या बाबतीत म्हणत नव्हता. तो एवढंच म्हणायचा की जे छापाल ते खोटं नको. 'खोटं बोलू नका' आणि 'खरं सांगा' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गप्प बसणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण खरंही सांगत नसतो! हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा मार्जरीनकडे वळू, कारण लेबल म्हणजे फक्त अक्षरं नव्हेत हे त्या भांडणातून छान कळतं. १८६९ मध्ये इपोलिट मेज-मुरिएस ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लोण्याला स्वस्त पर्याय शोधला. तिसऱ्या नेपोलियनने त्यासाठी बक्षीस लावलं होतं. हा पदार्थ अमेरिकेत पोचला आणि तिथल्या दूधवाल्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी सरकारवर वजन टाकून १८८६ मध्ये मार्जरीनवर पौंडामागे दोन सेंट कर बसवून घेतला. तेवढ्याने भागेना. मार्जरीन मुळात पांढुरकं असतं, पण पिवळं केलं की हुबेहूब लोणी दिसतं. मग रंगावरच गदा आली. १९०२ मध्ये रंगवलेल्या मार्जरीनवर पौंडाला दहा सेंट कर आणि न रंगवलेल्यावर फक्त पाव सेंट. काही राज्यांनी तर कहरच केला. न्यू हॅम्पशायरने कायदा केला की मार्जरीन विकायचं तर गुलाबी रंग देऊनच विका! गुलाबी लोणी कोण खाणार? १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की ही माहिती देणं नव्हे, ही आडमार्गाने बंदीच झाली.

ह्यातला विनोद असा की लोणीवाले स्वतः हिवाळ्यात फिकट पडणारं लोणी रंग घालूनच पिवळं करत होते. आणि मार्जरीनवाल्यांनीही पळवाट काढली. पांढऱ्या मार्जरीनबरोबर रंगाची पुडी द्यायची, आणि घरोघरच्या बायका ते कणकेसारखं मळून पिवळं करायच्या. केंद्राचा कर १९५० मध्ये गेला. विस्कॉन्सिन हे दुधाचं राज्य, तिथे पिवळ्या मार्जरीनवरची बंदी उठायला १९६७ उजाडलं.

ह्याचा भारतीय भाऊ म्हणजे वनस्पती तूप. डालडा १९३७ मध्ये बाजारात आलं आणि नाव इतकं रुळलं की कंपनी कोणतीही असो, आमच्या आजीसाठी ते 'डालडा'च. खरा प्रश्न भेसळीचा होता. साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर डोळ्यांना कळत नाही. त्यालाही रंग द्या अशी मागणी आपल्याकडेही होत होती. शेवटी जो उपाय टिकला तो भलताच हुशार होता: वनस्पतीत निदान पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तीळच का? तर तिळाच्या तेलाला फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड लावलं की गुलाबी-लाल रंग येतो. तुपाचा नमुना प्रयोगशाळेत नेला, रसायन टाकलं, गुलाबी झाला की चोर पकडला. न्यू हॅम्पशायरने जो रंग गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकला, तोच आपल्याकडे डब्याच्या आत लपवला. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताच नाही. म्हणजे हे एक असं लेबल होतं जे गिऱ्हाइकाने वाचायचंच नव्हतं. ते इन्स्पेक्टरने वाचायचं होतं, आणि इन्स्पेक्टर वाचू शकतो हे भेसळ करणाऱ्याला माहीत असणं एवढंच पुरेसं होतं.

इथे माझी ट्यूब पेटली. आपण लेबलाचा विचार करताना नेहमी गिऱ्हाइक डोळ्यांसमोर ठेवतो. ते वाचतं का, त्याला कळतं का, त्याने निवड बदलली का. पण लेबलाचा दुसराही एक वाचक असतो. तो म्हणजे ज्याला ते छापावं लागतं तो.

ह्या चष्म्यातून पुढचा इतिहास बघा. १९३८ च्या अमेरिकन कायद्याने ठरवलं की एखाद्या पदार्थाची नक्कल विकायची तर डब्यावर 'नकली' असं लिहिलंच पाहिजे. एका कंपनीने खरोखरच 'नकली जॅम' असं छापून जॅम विकला. त्यात फळ २५ टक्के होतं, जॅमच्या नियमाप्रमाणे ४५ लागायचं. सरकारने माल जप्त केला. प्रकरण १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि कंपनी जिंकली. न्यायालय म्हणालं, अहो, तो नकली म्हणून सांगतोय ना, मग फसवणूक कुठे झाली? निकाल बरोबरच होता, पण 'नकली' हा शब्द डब्यावर छापायची हौस कोणाला असणार? कमी चरबीचा पर्यायी पदार्थ बनवला तरी त्यावर 'नकली' छापायची वेळ यायची. तो पौष्टिकतेत मूळ पदार्थापेक्षा कमी नसेल तर 'नकली' म्हणायची गरज नाही, असा नियम १९७३ मध्ये झाला. तोवर एक शब्द कारखानदारांना अडवून बसला होता.

त्यानंतर येतं १९८४. केलॉग कंपनीने ऑल-ब्रॅन ह्या आपल्या कोंड्याच्या न्याहारीच्या खोक्यावर आणि जाहिरातीत सांगायला सुरुवात केली की जास्त तंतू आणि कमी चरबीचा आहार घेतला तर काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी होऊ शकतो, असं राष्ट्रीय कॅन्सर संस्था म्हणते. संस्थेची परवानगी घेऊन. अन्न आणि औषध प्रशासन चक्रावलं, कारण न्याहारीच्या खोक्यावर रोगाचं नाव आलं की त्यांच्या नियमाने ते औषध ठरतं. पण परिणाम काय झाला? फेडरल ट्रेड कमिशनच्या पॉलीन इपोलिटो आणि ॲलन मॅथिऑस ह्या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये ह्याचा हिशोब मांडला. तंतूंबद्दलची शास्त्रीय माहिती त्याआधीही अनेक वर्षं उपलब्ध होती, सरकारी पत्रकांत छापून येत होती. त्याने लोकांच्या न्याहारीत फारसा फरक पडला नव्हता. खोक्यावर ओळ आली आणि तंतूवाली न्याहारी खपू लागली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इतर कंपन्यांनीही तंतू जास्त असलेले प्रकार बाजारात आणले. खपतंय म्हटल्यावर कोण मागे राहील?

अर्थात लगेच दुसरी बाजूही दिसली. जो तो खोक्यावर काहीबाही दावे करू लागला. 'लाइट', 'कमी चरबी', 'हृदयाला उत्तम', कशालाच व्याख्या नाही. ह्या गोंधळातून नोव्हेंबर १९९० मध्ये अमेरिकेने पोषण लेबलाचा कायदा केला आणि १९९४ पासून आज जगभर ओळखीचा झालेला तो काळा-पांढरा चौकोन सक्तीचा झाला. चौकोनाची रचना बर्की बेल्सर ह्या डिझायनरची. जाड काळी रेघ, साधी अक्षरं, एकही जाहिरातीचा शब्द नाही. चौकोनात दिवसाच्या गरजेची टक्केवारी द्यायची तर दिवसाची गरज किती धरायची, ह्यावरून कृषी खातं आणि आरोग्य खातं इतकं भांडलं की १९९२ च्या अखेरीस वाद अध्यक्ष थोरल्या बुश ह्यांच्यापुढे गेला. भांडण कशासाठी, तर पायाचा आकडा मोठा धरला की टक्केवारी लहान दिसते. मांसातली चरबी ६५ ग्रॅमांतून मोजलीत की ८० ग्रॅमांतून, ह्यावर खाटकाचा धंदा अवलंबून! शेवटी २००० कॅलरी हा आकडा ठरला, २५०० ला तळटीपेत जागा मिळाली. आपल्या २०२० च्या लेबल नियमांतही टक्केवारीचा पाया २००० कॅलरीच आहे. आता पुडा हातात आला तर बघा.

मघाशी 'गप्प बसणारा' म्हटलं होतं ना, त्याची पाळी इथे येते. ह्याच मॅथिऑसनी २००० मध्ये सॅलड ड्रेसिंगच्या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. सक्तीच्या आधी काय होतं? ज्यांच्या बाटलीत चरबी कमी होती ते आपणहून आकडा छापायचे. ज्यांच्यात भरपूर होती ते गप्प. अर्थशास्त्राचं पुस्तकी गणित म्हणतं की जो गप्प बसतो त्याचं काहीतरी लपवण्यासारखं आहे हे गिऱ्हाइक ओळखेल, म्हणून सक्तीची गरज नाही. प्रत्यक्षात गिऱ्हाइक तसं ओळखत नव्हतं. कारण सक्ती झाल्यावर सगळ्यांत जास्त चरबीवाल्या बाटल्यांचा खप चांगलाच घसरला. आपल्या भाषेत सांगायचं तर रिकामं फील्ड म्हणजे शून्य, असं लोक धरून चालले होते. तुमच्यापैकी जे माझ्याच धंद्यातले आहेत त्यांना हा बग ओळखीचा वाटेल. :-)

पण लेबलाने कंपनी सुधारते म्हणजे दर वेळी भल्यासाठीच सुधारते असं नाही. नव्वदच्या दशकात सगळ्यांचं लक्ष चरबीच्या ओळीवर होतं. १९९२ मध्ये नबिस्को कंपनीने स्नॅकवेल्स नावाची बिनचरबीची बिस्किटं आणली आणि दुकानांत ती पुरेनात. चरबी शून्य, पण साखर होतीच, आणि कॅलरीही काही फार कमी नव्हत्या. ज्या आकड्यावर नजर, तो आकडा सुधारायचा, बाकीचं तसंच. ऑफिसात ज्या गोष्टीवर अप्रेझल ठरतं तीच गोष्ट कशी झपाट्याने सुधारते, ते आपण बघतोच की.

आणि आता माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट: ट्रान्स फॅट. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना ही चरबी तयार होते. म्हणजे आपलं वनस्पती आणि त्यांचं मार्जरीन, दोघांचाही हा अवगुण. १९९० मध्ये डच संशोधक मेन्सिंक आणि काटान ह्यांनी दाखवलं की ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. लेबलवर तिची वेगळी ओळ हवी असा अर्ज ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या एका संस्थेने १९९४ मध्ये केला. नियम झाला २००३ मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी २००६ ला. बारा वर्षं! एका ओळीसाठी!

ही ओळ किती लोकांनी वाचली असेल? ट्रान्स फॅट म्हणजे काय हे तरी किती जणांना ठाऊक होतं? पण तारीख उजाडायच्या आधीच कंपन्यांनी कृती बदलायला घेतल्या होत्या. कोणालाच आपल्या पुड्यावर तो आकडा छापायचा नव्हता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अभ्यासात आढळलं की अमेरिकेतल्या गोऱ्या प्रौढांच्या रक्तातलं ट्रान्स फॅटचं प्रमाण २००० ते २००९ ह्या काळात ५८ टक्क्यांनी उतरलं. ह्याचं सगळं श्रेय लेबलाला देता येणार नाही, मधल्या काळात न्यूयॉर्कसारख्या शहरांनी हॉटेलांत ट्रान्स फॅटवर बंदीही आणली होती. तरी विचार करा. पुडा उलटा करून न बघणाऱ्या माणसाच्या रक्तातही फरक पडला. त्याने काहीही निवडलं नव्हतं. निवड कारखान्यातच झाली होती.

पळवाटही होतीच. एका वाढपात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहायची मुभा होती. मग वाढप लहान करा, झालं शून्य! म्हणून शेवटी कायदाच लागला. अमेरिकेने २०१५ मध्ये अशी तेलं सुरक्षित मानायचं बंद केलं आणि २०१८ पासून ती वापरायला बंदी आली. डेन्मार्कने तर लेबलाच्या भानगडीत न पडता २००३ मध्येच थेट मर्यादा घातली होती. आपल्याकडे एफएसएसएआयने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि २०२२ पासून दोन टक्के केली.

हे सगळं माझ्या सोयीचे किस्से वेचून सांगितलं असं कोणी म्हणेल. म्हणून एकत्रित हिशोबही बघू. २०१९ मध्ये साठ अभ्यासांची गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. लेबलामुळे लोकांच्या खाण्यातली ऊर्जा ६.६ टक्क्यांनी घटली आणि चरबी १०.६ टक्क्यांनी. वाईट नाही. कंपन्यांच्या बाजूला पाहिलं तर मालातलं सोडियम ८.९ टक्क्यांनी घटलं आणि ट्रान्स फॅट ६४.३ टक्क्यांनी! फ्रान्सने २०१६ मध्ये साठ सुपरमार्केटांत खऱ्या गिऱ्हाइकांवर चार प्रकारची लेबलं लावून बघितली. त्यातल्या सगळ्यांत चांगल्या ठरलेल्या रंगीत न्यूट्रीस्कोरनेसुद्धा टोपलीचा दर्जा सुधारला फक्त अडीच टक्के. प्रयोगशाळेतले अंदाज ह्याच्या कितीतरी पट होते. टेस्टिंगला मस्त चालतं आणि प्रॉडक्शनला गेलं की असं होतं, त्यातलाच प्रकार. प्रयोगात माणसाला 'हे लेबल बघा' असं सांगितलेलं असतं. दुकानात कडेवर मूल असतं, मागे रांग असते आणि आठ वाजायला आलेले असतात.

मग गिऱ्हाइकावर चालणारं लेबल असतंच नाही का? असतं. आपल्याकडचा हिरवा ठिपका बघा. २००० नंतरच्या एक-दोन वर्षांत मांसाहारी पदार्थांना तपकिरी आणि शाकाहारी पदार्थांना हिरवा ठिपका सक्तीचा झाला. (पुढे २०२० च्या नियमांत तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला, रंग ओळखता न येणाऱ्यांसाठी.) तो चालतो, कारण गिऱ्हाइकाच्या मनात आधीपासून असलेल्या एकाच प्रश्नाचं तो उत्तर देतो, तेही हो किंवा नाही मध्ये. वाचता येत नसलं तरी चालतं. चिलीने जून २०१६ मध्ये हीच युक्ती साखर, मीठ, चरबी आणि कॅलरींसाठी वापरली. मर्यादा ओलांडली की पुड्याच्या दर्शनी बाजूवर काळा अष्टकोन, आत लिहिलेलं 'साखर जास्त', 'सोडियम जास्त'. असा अष्टकोन असलेला माल शाळेत विकायचा नाही, लहान मुलांना त्याची जाहिरात करायची नाही, खोक्यावरची कार्टून काढून टाकायची. दीड वर्षात मर्यादेपेक्षा गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. आणि तोच दुसरा परिणाम इथेही दिसला: एक तरी अष्टकोन लागेल अशा पदार्थांचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ४४ वर आलं. अष्टकोन नको म्हणून कंपन्यांनी साखर कमी केली.

आता घरची गोष्ट. माझ्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, मीठ कमी करा. वडील शिस्तीचे, वरून मीठ घेणं त्याच दिवशी बंद केलं. पण चहाबरोबर फरसाण, जेवणात लोणचं आणि अधूनमधून तयार सूप चालू. त्यांनी पाकीट वाचायचं ठरवलं तरी काय वाचणार? पाकिटावर 'मीठ' नसतं, 'सोडियम' असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. समजा शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दोन ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम. आता आपण खाल्लं किती ग्रॅम, त्याचा त्रैराशिक मांडा. चहा गार झाला! शिवाय हे सगळं इंग्रजीत. आपल्या नियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की पुरे, मराठी ऐच्छिक. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, आयुष्यभर मराठीत हिशोब लिहिलेल्या माणसाला आपण सांगतो, 'बाबा, लेबल वाचत जा ना!'

म्हणूनच दर्शनी लेबलाचा जो वाद आपल्याकडे झाला तो मला महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०२२ मध्ये एफएसएसएआयने मसुदा काढला, त्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्यायची कल्पना होती. ग्राहक आणि आरोग्य संघटनांना चिलीसारखा इशारा हवा होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर दर्शनी लेबलाबाबत शिफारशी करायला तीन महिन्यांची मुदत दिली. वरवर बघता तारे काय नि इशारा काय, दोन्ही माहितीच. पण तारा ही सरासरी आहे. साखर भरपूर असली तरी थोडे तंतू, थोडी प्रथिनं टाकून गुण भरून काढता येतात. दोन तारे मिळाले तरी तारेच मिळाले! आम्हाला शाळेत लाल शेरा आणि हिरवा शेरा ह्यातला फरक कळायचा तो असाच. उत्पादकाला टोचेल असं लेबल कोणतं, हा प्रश्न विचारला की उत्तर सोपं होतं.

टोचणी लागली की काय होतं ह्याचं आपल्याकडचं उदाहरण ताजंच आहे. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटाच्या डब्यावरच छापलेला साखरेचा आकडा व्हिडिओतून मोठ्याने सांगितला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली, व्हिडिओ काढावा लागला, पण तोवर तो घरोघरी पोचला होता. वर्षअखेरीस कंपनीने त्यातली वरून घातलेली साखर साधारण पंधरा टक्क्यांनी कमी केली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' ह्या गटातून काढायला सांगितली. लक्षात घ्या, तो आकडा काही गुपित नव्हता. डब्याच्या पाठीवर होताच. पाठीवरून समोर आला, एवढाच फरक.

तर मुद्दा हा. 'ग्राहकांनो, जागरूक व्हा, लेबल वाचा' हा सल्ला चुकीचा नाही, पण तो सगळं ओझं वाचणाऱ्यावर टाकतो. ज्याला वेळ आहे, इंग्रजी येतं, गुणाकार येतो आणि जवळचा चष्मा सापडतो, त्याचाच त्यात फायदा. इतिहासातली जी लेबलं खरोखर कामाला आली त्यांनी लोकांना हुशार केलं म्हणून नव्हे, तर छापणाऱ्याला लाज वाटली म्हणून ती कामाला आली. पाठीवरचा चौकोन असू दे, माझ्यासारख्या रिकामटेकड्यांना वाचायला. पण समोर एक ठसठशीत खूण हवी, मराठीतही हवी, आणि ती अशी हवी की ती टाळण्यासाठी फरसाणवाल्याने मीठ कमी केलं पाहिजे. मग वडिलांनी लेबल नाही वाचलं तरी चालेल.

असो. तोवर एक करा. आज संध्याकाळी स्वयंपाकघरातला कुठलाही एक पुडा घ्या, सोडियमचा आकडा अडीचने गुणा, आणि घरातल्या मोठ्यांना मराठीत सांगा.